गेलेली वाक्ये

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणत असे. 'जातो' म्हणणे वर्ज्य होते. आतून 'या' असे उत्तर येई. आता 'बाय' म्हणतात, नाहीतर 'निघतो'. पाठोपाठ 'काळजी घे' येते. 'काळजी घे' हे पूर्वी आजाऱ्याला म्हणत, बाळंतिणीला म्हणत. आता क्लासला निघालेल्या पोरालाही म्हणतात.

इंग्रजी शब्द पेठेला नवे नाहीत. साकोली कॉर्नर आहे, रंकाळा टॉवर आहे. जुने शब्द आले ते पेठेच्या वळणाने वागले. बुटं झाली, पेनं झाली, तिकिटं झाली, टेबलं झाली. एस.टी.ची यष्टी झाली आणि 'यष्टीनं' कागलला जाता येऊ लागले. ऑफिसातून माणूस 'हापिसातनं' घरी येई. आता मूल 'शूज' घालते, 'फ्रेंड्स'बरोबर खेळते, 'टीचर्सना' विचारते. अनेकवचन इंग्रजी, प्रत्यय तेवढा मराठी.

जुनी बाई आपला दिवस एका वाक्यात सांगे. 'पाटंचं उठून, सडा टाकून, चूल पेटवून, पोरास्नी जेवाय घालून, डबा बांधून मग मी कामाला जायाचो.' सगळ्या कामांना मिळून शेवटी एक क्रियापद पुरे. मध्ये कुठे 'आणि' लागत नसे. नात आपला दिवस सांगते: 'मी सकाळी उठते आणि मग ब्रश करते आणि मग नाश्ता करते आणि मग कॉलेजला जाते.' 'उठून', 'टाकून', 'बांधून' ही रूपे पुस्तकात आहेत. बोलण्यात ती एकेकटी येतात, ओळीने येत नाहीत.

'जायाचो' हे बाईचेच रूप आहे. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणत. शाळेच्या वहीत 'मी आले' लिहावे लागे. दप्तर खुंटीला अडकवले की पुन्हा 'आलो'. लग्न होऊन पुण्याला गेलेली मुलगी सासरी पहिल्या दिवशी त्यावरून ओळखू येई. आता पेठेतल्या घरातही मुली 'आले' म्हणतात. हा बदल इंग्रजीचा नव्हे, पुस्तकी मराठीचा आहे. दोन्ही एकाच शाळेच्या दारातून आले.

'काय करालायस?' 'पाऊस पडालाय.' 'पोरगं रडालंय.' करायला लागला आहेस, पडायला लागला आहे, हे सारे एवढ्याशा रूपात मावत असे. आता 'काय करतोयस?' ऐकू येते. 'करालायस' चित्रपटातल्या विनोदी पात्राच्या तोंडी उरले आहे. तिथे त्यावर हसतात.

निरोप सांगण्याची रीत वेगळी होती. 'उद्या येतो म्हणाला.' 'मला जमणार न्हाई म्हणाली.' 'पैसं देतो म्हणालाय.' बोलणाऱ्याचे शब्द बोलणाऱ्याच्याच तोंडचे राहत. निरोप्या त्यांना हात लावत नसे. 'की' घातला तरी फरक पडत नसे: 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' हा 'की' फारसीतून आलेला आणि मराठीत मुरलेला. त्याच्या पुढेही बोलणारा 'मी'च असे. आता 'तो म्हणाला की तो उद्या येईल.' 'ती म्हणाली की तिला जमणार नाही.' 'मी'चा 'तो' होतो. इंग्रजीच्या तासाला अवतरणचिन्हातले वाक्य फोडून लिहायला शिकवतात. 'आय'च्या जागी 'ही' घालायचा, काळ एक घर मागे न्यायचा. परीक्षेत त्याला गुण असतात. दुसऱ्या तासाला मराठीचे पुस्तक उघडते तेव्हा तीच सवय हाताशी असते. वर्तमानपत्रातही मंत्र्यांचे म्हणणे आता त्याच रीतीने छापले जाते.

याआधीचाही एक थर आहे. मोडी कागदांत विरामचिन्हे नसत. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इंग्रजी छपाईच्या वळणाने आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. 'निबंधमाला' हे मासिक १८७४ साली सुरू झाले. इंग्रजी शिकलेल्या त्या पिढ्यांनी गद्य लिहिले आणि पोटवाक्यांची लांब वाक्ये मराठीत रुळली. 'भाग घेणे', 'प्रकाश टाकणे', 'पावले उचलणे', 'प्रेमात पडणे' हे सारे इंग्रजीच्या वाटेने आलेले. आता ते कुणाला परके वाटत नाही. 'जीव जडला' हे मात्र बोलण्यातून उठले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कवी माधव जूलियन शिकवत. त्यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ चा, 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ चा. तेव्हाचा भाषाशुद्धीचा वाद मुख्यतः शब्दांचा होता. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, कोणता नवा घडवायचा.

भूक लागे. तहान लागे. झोप येई, राग येई, कंटाळा येई. थंडी वाजे. या सगळ्यांत माणूस 'मला' असे. आता 'मी बोअर झालोय'. 'मी अपसेट आहे'. 'मी एक्सायटेड आहे'. रागसुद्धा येत नाही, 'मी अँग्री आहे' असे चार वर्षांचे मूल सांगते. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाला आजी फोनवर म्हणे, 'तुजी लई सय येती बग.' सय येत असे, तिला कुणी आणत नसे. आता 'मी तुला मिस करते'. 'सय' हा शब्द नातवाला समजावून सांगावा लागतो.

'मला दोन भाऊ आहेत.' 'माझ्याकडे दोनशे रुपये आहेत.' 'माझ्या अंगात ताप आहे.' भाऊ, पैसे आणि ताप यांच्यासाठी तीन वाक्ये होती. आता 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असे ऐकू येते. 'माझ्याकडे एक प्रश्न आहे' हे तर सभेत सर्रास.

'पोरगं हुशार हाय' याचे 'तो एक हुशार मुलगा आहे' झाले. 'ती एक शिक्षिका आहे.' 'कोल्हापूर हे एक ऐतिहासिक शहर आहे.' निबंधाचे पहिले वाक्य बहुधा असेच असते. 'रंकाळ्यासारखा तलाव न्हाई' असे पेठेतली माणसे म्हणत. पर्यटनाच्या माहितीत 'सर्वांत सुंदर तलावांपैकी एक' असे लिहितात.

'आम्ही राहायचो ते घर पाडलं.' पेठेत वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली त्या काळात हे वाक्य वरचेवर कानी पडे. आता ते असे सांगतात: 'ते घर, ज्यात आम्ही राहायचो, पाडलं.' 'जवा पाऊस लागतोय तवा रंकाळा भरतोय' याचे 'रंकाळा भरतो जेव्हा पाऊस पडतो' झाले. जो आला की तो येई, जिथं आले की तिथं, जसा आला की तसा. जोडीतला दुसरा आता गळतो.

स्वयंपाकघरातली क्रियापदे सर्वांत जास्त गेली. भाजी निवडत, मग चिरत. गवारीच्या शेंगा मोडत. काकडी चोचवत, खोबरे किसत, नारळ खवत, लसूण ठेचत. तांदूळ पाखडत. कणीक मळत आणि भाकरीचे पीठ रगडून मळत. वांगी भरत, भात कालवत, आमटीला फोडणी देत, कांदा परतत, दूध आटवत, पुरण शिजवून वाटत. आता 'कट कर', 'मिक्स कर', 'बॉईल कर', 'फ्राय कर', 'ग्राइंड कर'. चिरणे, कापणे, मोडणे यांना मिळून एक 'कट'. कालवणे, ढवळणे, घोटणे, एकजीव करणे यांना मिळून एक 'मिक्स'. क्रियापद एकच उरले, 'कर'.

तांबड्या रश्श्याचे वाटण पाट्यावर होई. आले-लसूण आधी ठेचायचे. मग भाजलेले खोबरे, तीळ, खसखस वरवंट्याखाली भरडायची. मग पाण्याचा हबका मारून मारून वाटायचे. वाटलेले दोन बोटांत धरून चोळून बघत. कण लागला तर पुन्हा. 'गंधासारखं वाट' असे सासू सांगे. पुढे मिक्सर आला आणि 'मिक्सरला लाव' झाले. आता 'पेस्ट कर'. पाटा दाराशी पडून असतो, त्याला टाकी घालणारे गल्लीत येत नाहीत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणतात, ते चालू आहे. मिरची कांडपाच्या पाटीवर 'कांडप' हा शब्द अजून आहे.

'घेणे' वाढले. फोटो काढत, आता 'घेतात'. अंघोळ करत, आता 'शॉवर घेतात'. कामाला वेळ लागे, आता काम 'वेळ घेते'. औषध खात, पीत, चाटत, आता 'घेतात'. विसावा खात, आता 'ब्रेक घेतात'.

औषध 'लागू पडे'. रोग्याला 'गुण येई'. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असे. आता औषध 'काम करते'. लिफ्टही काम करते, फोनही काम करतो, नळ काम करत नाही. नळ पूर्वी 'येई' आणि 'जाई'. 'नळ आला' एवढे म्हटले की गल्लीत घागरी निघत.

पांढराफटक. काळाकुळकुळीत. लालभडक. पिवळाधमक. हिरवागार. गोडमिट्ट, आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ. थंडगार, ओलाचिंब, कोरडाठाक, नवाकोरा. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. फटक काळ्याला लागत नसे आणि भडक पिवळ्याला. आता 'खूप पांढरा', 'खूप काळा', 'खूप गोड', 'खूप आंबट'. पावसाची तीच गत. भुरभुर, रिपरिप, धो धो यांच्या जागी 'खूप पाऊस'.

पेठेत तालमी आहेत. तालमीत 'मेहनत' करत, जोर काढत, बैठका मारत. लाल मातीत लढत 'होत' नसे, कुस्ती 'लागे'. ती निकाली होई किंवा बरोबरीत 'सुटे'. हरलेला अस्मान 'बघे'. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून हीच भाषा चालत आली. आता पोरे 'वर्कआउट करतात', तालमीच्या नावाखालीच जिमची पाटी असते. आज 'लेग्ज' असतात, उद्या 'चेस्ट'. फुटबॉल इंग्रजांकडून आला, पण पेठेत तो कधीच परका नव्हता. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते. 'गोल मारला' असे ओरडत. पडद्यावरच्या समालोचनात आता 'गोल स्कोअर केला' येते. गॅलरीत अजून 'मारला'च आहे.

तीन रस्ते मिळतात त्या जागेला कोल्हापुरात तिकटी म्हणतात. माळकर तिकटी, मिरजकर तिकटी ही नावे शाबूत आहेत. नवी तिकटी मात्र कुठे झालेली नाही. नव्या जागी 'जंक्शन' आणि 'सर्कल' असते. वाट सांगताना 'वेताळ तालमीपासनं डाव्या अंगाला वळा, दुसरा बोळ' असे सांगत. आता 'लेफ्ट घ्या, मग सेकंड राईट'.

'आपण जाऊया' म्हटले की ऐकणारा बरोबर असे. 'आम्ही जातो' म्हटले की तो मागे राही. इंग्रजी शाळेतले मूल 'आम्ही जाऊया?' असे आईला विचारते. आई बरोबर जाते.

दोघी जावा, तिघे भाऊ, चौघी नणंदा. माणसांसाठी मोजण्याचे शब्द वेगळे होते. आता 'चार सिस्टर्स', किंवा मराठीत 'चार बहिणी'. वस्तूही चार आणि बहिणीही चार.

'चहाबिहा घेतला काय?' यातला 'बिहा' गेला. 'चहा वगैरे' आला. 'हा माझा भाऊ नव्हे' यातला 'नव्हे'ही जातो आहे. त्याच्या जागी 'नाही'. म्हातारी माणसे वाक्याच्या शेवटी 'न्हवं?' म्हणून ऐकणाऱ्याला सामील करून घेत. 'काल बाजार हुता न्हवं?' तरुण 'राईट?' म्हणतात. वाक्य सुरू होते ते 'सो' किंवा 'ॲक्च्युअली' म्हणून. 'मग' आणि 'तर' यांची ती जागा होती.

देवळाच्या पायरीशी 'चपला बाहेर काढाव्यात' असे रंगवलेले असे. 'येथे गाडी लावू नये.' कुणाला उद्देशून नाही, विनवणी नाही, हुकूम नाही. नव्या पाटीवर 'कृपया चप्पल बाहेर काढा' असते, गाडीसाठी 'नो पार्किंग'. बँकेच्या यंत्रावर मराठीचा पर्याय आहे. त्यात 'आपले कार्ड प्रविष्ट करा' असते, 'आपली विनंती स्वीकारली गेली आहे' असते. स्वीकारली कुणी, ते नसते. पेठेतली बरीच माणसे इंग्रजीचे बटण दाबतात. ते कळायला सोपे जाते.

लग्नपत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असे सुरू होऊन 'करण्याचे योजिले आहे' इथे थांबणारे एक वाक्य असे. त्यात दोन घरांची दोन-तीन पिढ्यांची नावे बसत. आता फोनवर 'सेव्ह द डेट' येते. त्यात दोन नावे असतात.

माणूस 'वारला', 'गेला', 'देवाघरी गेला'. मोठ्या माणसाला 'देवाज्ञा झाली'. शिवाजी पेठेत आता 'ऑफ झाले' म्हणतात. दवाखान्यातून फोन आला तर 'एक्सपायर झाले'. फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असते आणि पोरांच्या स्टेटसला 'आर.आय.पी. आबा'.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्यांच्या घरात कधी पाटी नव्हती त्यांची मुले मराठीतून लिहू-वाचू लागली. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मग 'सेमी' आले. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालकांनी ते मागितले होते. त्यांच्याकडे कारण होते, नोकऱ्यांच्या जाहिराती इंग्रजीत होत्या. पेठेतल्या घरात आई गणित शिकवायला बसते तेव्हा बेरीज-वजाबाकीला 'प्लस-मायनस' म्हणते. हातचा घेत नाही, 'कॅरी' करते.

एकवीस, बावीस, तेवीस. मराठीत एकक आधी येतो, दशक मागून. इंग्रजीत उलटे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले. जोडाक्षरे असलेली संख्यांची नावे मुलांना अवघड जातात असे कारण दिले गेले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. पेठेत त्याची फार चर्चा झाली नाही. मुले तोवर 'ट्वेंटी वन' म्हणत होतीच. फोनचा नंबर पूर्वी जोडीजोडीने सांगत, 'अठ्ठ्याण्णव बावीस'. आता 'नाइन एट टू टू'. दुकानदार 'चौसष्ट' म्हणाला की गिऱ्हाईक पोर थांबते आणि विचारते, 'म्हणजे किती?'

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणताना हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत. औट म्हणजे साडेतीन. औटकी पहिल्यांदा गेली, मग पाऊणकी. पाव, पाऊण, सव्वा घड्याळात काही दिवस राहिले. पोरांना आता 'फोर फिफ्टीन' कळते, 'सव्वाचार' सांगितले तर एकदा विचारून घेतात. दीड आणि अडीच टिकले आहेत. भाजीवाली 'दीडशे झालं' म्हणते. समोरची मुलगी 'वन फिफ्टी ना?' म्हणत फोन पुढे करते. पाटीवरच्या छोट्या यंत्रातून आवाज येतो, 'एकशे पन्नास रुपये प्राप्त झाले.'